एकसष्ट स्लाइड्स आणि एक नळ

“पडदा म्हणजे काठी समज. तिच्या आधाराने आपण चालायचं, तिला चालायला लावायचं नाही. पडद्यावर कमी लिही आणि माणसांकडे बघून बोल.”

निवृत्त होताना मोठ्या साहेबांनी हे सांगितलं, तेव्हा पाणीपुरवठा खात्यातल्या तक्तेसाहेबांनी मान डोलावली आणि वाक्य वहीत उतरवून घेतलं. उतरवून घेतलं म्हणजे पाळलं, अशी त्यांची भाबडी समजूत. प्रत्येक गोष्टीचा तक्ता करायची सवय, म्हणून ऑफिसात हे नाव पडलेलं. आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंही.

परीक्षा आली ती मात्र अवघड. जमिनीखालच्या नळांची गळती शोधणारं चार माणसांचं पथक बंद करायचं खात्याच्या मनात होतं. चौघांत वडीलधारे कानकाका. लोखंडी दांडा रस्त्याला टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं आणि खाली पाणी कुठे वाया जातंय ते सांगायचं, यात त्यांची तीस वर्षं गेली होती. आता पथक का हवं, हे तक्तेसाहेबांनी खात्याच्या समितीला पंधरा मिनिटांत पटवायचं होतं.

“काका, काळजी सोडा,” तक्तेसाहेब म्हणाले. “समितीला शंका काढायला जागाच ठेवत नाही.”

ठेवली नाहीच. एकसष्ट स्लाइड्स केल्या! वारूळ फुटावं तशी अक्षरं. ओळी डावीकडून धावत येत, आकडे गिरक्या घेत खाली उतरत.

आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तालीम झाली, कारण घरातलं मोठं टेबल तिथेच. समोर तीन खुर्च्यांवर तीन उशा ठेवल्या. ती समिती. मधली फुलाफुलांची उशी म्हणजे अध्यक्षबाई. एकूण वेळ किती लागतो ते मोजावं म्हणून साहेबांनी कॉम्प्युटरवरचं एक बटण दाबलं. ते वेळ मोजत होतंच, शिवाय प्रत्येक स्लाइडला जोडून आवाजही टिपून घेत होतं. बटणावर ‘रेकॉर्ड’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पण एकसष्ट स्लाइड्स लिहिणारा माणूस तो एक शब्द वाचायला विसरला.

सभागृहात कॉम्प्युटर मागच्या काचेच्या खोलीत होता. तिथल्या ऑपरेटरने पहिली स्लाइड लावली, पुढच्या आपोआप सरकताहेत असं पाहिलं, खोलीला कुलूप घातलं आणि तो समाधानाने चहाला गेला. तक्तेसाहेबांनी घसा साफ केला, तोंड उघडलं, आणि त्यांचा आवाज छतातून आला.

“सन्माननीय समितीस सादर प्रणाम.”

साहेबांनी घाबरून तोंड मिटलं. आवाज चालूच. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून आधी छताकडे पाहिलं, मग साहेबांकडे. काठी निघाली होती फिरायला आणि म्हातारा जागच्या जागी उभा!

ते धावत काचेच्या खोलीपाशी गेले, कुलूप हलवून पाहिलं, तसेच परत आले. तोवर तिसरी स्लाइड लागली होती. ‘गळती: व्याख्या, वर्गीकरण व व्याप्ती.’ खाली बावीस ओळी. आणि छतातून या वेळी बायकोचा आवाज आला.

“अहो, त्या अध्यक्षबाईंना उठवा आधी. अभ्रा धुवायचाय त्यांचा.”

सभागृहात सुई पडली असती तरी ऐकू आली असती. साहेबांना वाटलं, आपणच त्या सुईच्या भोकातून पार व्हावं.

“थांब गं, व्याख्या चाललीय,” छतातले साहेब म्हणाले.

“व्याख्या कसली करताय? हा नळ तीन आठवडे गळतोय. दुपारी खाली पातेलं लावलं, आता काठोकाठ भरलंय. एका नळाचं एवढं, तर रस्त्याखाली किती जात असेल? ते ऐकणारी माणसं अख्ख्या शहरात चार, आणि त्यांनाच घरी बसवणार म्हणे. हे एवढं सांगा की. या बावीस ओळी कोण वाचणार?”

“उद्या नळ नक्की करतो. शब्द देतो.”

“हा शब्द कितवा?”

अगदी प्रामाणिक आवाजात, “चौथा.”

त्यानंतर दारावर कुणी आलं असावं. खुर्ची सरकली, पावलं लांब गेली, आणि उरला फक्त नळ. टिप्. टिप्. टिप्. स्लाइड हलेना, आवाज थांबेना. समितीतले दोन्ही सभासद मान खाली घालून ऐकत होते. अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. शेवटच्या रांगेत कानकाका डोळे मिटून, कानामागे हात धरून बसले होते.

“वायसर गेलाय,” ते हळूच म्हणाले. “अर्ध्या इंचाचा.”

पहिल्या हसल्या त्या अध्यक्षबाई. हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, “तुमच्या घरून सगळं सांगून झालंय. आता तुम्हीही काही सांगा. पडद्याकडे न बघता.”

तक्तेसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा माणसांकडे बघून बोलायला सुरुवात केली. एका पातेल्यापासून निघाले आणि कानकाकांच्या दांड्यापर्यंत पोहोचले. पाच मिनिटंही लागली नाहीत. मागे नळाची साथ होतीच. पथक चालू ठेवायचं ठरलं तेव्हा ऑपरेटर चहा पिऊन परतला आणि विचारू लागला, की उरलेल्या अठ्ठावन्न लावू का. सगळ्यांनी एका सुरात नको म्हटलं. देव त्या माणसाचं भलं करो! त्याला चहाची तल्लफ आली नसती, तर चार घरांचं काय झालं असतं कोण जाणे.

बाहेर कानकाकांनी साहेबांचा हात दोन्ही हातांत धरला. पिशवीतून एक पान्हा काढला, खिशातून अर्ध्या इंचाची एक रबरी चकती, आणि दोन्ही त्यांच्या तळहातावर ठेवली.

साहेबांनी मनातल्या मनात आभारांचा तक्ता मांडला. मोठे साहेब, ऑपरेटर, अध्यक्षबाई, त्यांची ती उशी. सगळ्यात वरच्या रकान्यातल्या व्यक्तीचा तेवढ्यात फोन आला.

“कसं झालं?”

“फार छान बोललीस तू,” ते म्हणाले.

“मी? काय बोलताय काय?”

“घरी आल्यावर सांगतो.”

नळाबद्दल मात्र ते अवाक्षर बोलले नाहीत. चार शब्द आधीच देऊन झाले होते. अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज त्यांनी दोन ओळींत लिहिला, पान्हा काखेत मारला, आणि कुणाला दिसू नये अशा बेताने मागच्या जिन्याने घराकडे निघाले.