आजोबांच्या वेलीतला निळा

आजोबांच्या मनी प्लांटचं एक पान मागणं म्हणजे वाघाच्या तोंडातला घास मागणं, आणि भिंगरीला तो शनिवारी सकाळीच मागायचा होता. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात वर्गाला एकच टेबल मिळणार होतं. ज्याचा प्रयोग बाईंना पटेल, त्याचं टेबल. हिरव्या पानात दडलेले रंग वेगळे करून दाखवायचे, असं भिंगरीने सगळ्या वर्गासमोर छातीठोकपणे सांगून टाकलं होतं.

वेल कुंडीतून निघून पडद्याच्या दांडीवरून टीव्हीला वळसा घालून पार बाथरूमच्या दारापर्यंत गेली होती. आजोबा तिची पानं रोज ओल्या फडक्याने पुसत. इतक्या मायेने त्यांनी नातीचं नाकही कधी पुसलं नव्हतं.

"एकच," आजोबा म्हणाले. "आणि तेही मी निवडणार."

कृती सोपी होती. फिल्टर पेपरच्या पट्टीवर खाली पेन्सिलीने रेघ मारायची, रेघेवर पान ठेवून नाण्याने घासायचं आणि पट्टीचं टोक आईच्या नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बुडवायचं. रिमूव्हर कागदात वर चढताना रंगांनाही सोबत नेतं आणि एकेकाला वेगवेगळ्या उंचीवर सोडतं. पण पेन्सिल सापडेना. हवी तेव्हा ती कुठल्या घरात सापडते? भिंगरीने फोनजवळचं काळं बॉलपेन उचललं. रेघ ती रेघ.

थोड्याच वेळात पट्टीवर हिरवा चढला, पिवळा चढला आणि त्यांच्या मधूनच एक झकास निळा वर आला. मागोमाग जांभळा.

पुस्तकात निळा नव्हता. भिंगरीच्या अंगावर काटा आला. आजोबांच्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं. आपली वेल चारचौघींसारखी नाही हे त्यांना आधीपासून माहीत होतं म्हणे, फक्त पुरावा नव्हता. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना बोलावलं, डॉक्टरांनी समोरच्या शिंपीणकाकूंना, आणि संध्याकाळपर्यंत अख्खी इमारत पट्टी बघून गेली. ज्या आजोबांनी नातीला एका पानासाठी तंगवलं, ते आता कर्णाचा अवतार झाले. मागेल त्याला पान. शिवाय प्रयोग नातीसारखाच व्हावा म्हणून पानासोबत ते बॉलपेनही घरोघर फिरलं.

रविवारी भिंगरीने बाईंना पट्टीचा फोटो पाठवला. उत्तर एका ओळीचं आलं, "रेघ कशाने मारलीस?"

भिंगरीला ते काळं बॉलपेन आठवलं. निळा शाईतलाच तर नसेल? नवं पान हवं, तर वेलीवर दोऱ्यासारखी देठं लोंबत होती. पडद्यामागे एक शेवटचं पान उरलं होतं. तिने आजोबांना खरं काय ते सांगितलं. ते उठून पडद्याकडे गेले. मग स्टुलावर चढले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ते पान खुडून तिला दिलं.

या वेळी रेघ पेन्सिलीची. हिरवा आला, पिवळा आला. निळ्याचा पत्ता नाही.

तेवढ्यात डॉक्टर आणि शिंपीणकाकू आपापल्या पट्ट्या नाचवत आत आले. दोन्हींवर निळा. काकूंनी भिंगरीची पट्टी पाहिली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. "होतं गं असं. एखादीचा प्रयोग फसतो. मनाला लावून घेऊ नकोस."

भिंगरीने दात-ओठ खाल्ले. कोरी पट्टी घेतली, काकूंनी परत आणलेलं तेच बॉलपेन घेतलं, नुसती रेघ मारली आणि पान न लावताच पट्टी बुडवली. निळा डौलात वर चढला. पान नाही, तरी निळा.

डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि ते हळू आवाजात आजोबांना म्हणाले, "म्हणजे, तुमच्या वेलीचा गुण आता पेनालाही लागला?"

त्या बिनपानाच्या पट्टीनेच बाईंना पटवलं. टेबल भिंगरीला मिळालं, आणि तिन्ही पट्ट्या त्यावर शेजारी शेजारी लागल्या. प्रदर्शनाच्या दिवशी आजोबा सकाळपासून टेबलामागे उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून. येणाऱ्या प्रत्येकाला ते भिंगरीच्या आधीच सांगत होते, "पानात निळा नसतो. हे शोधून काढायला आमच्या वेलीने एकूण एक पान दिलंय."