येळवशीला घरचंच जेवण

माझं शेत मी डोळे झाकून ओळखतो, असं मी त्या सकाळी गाडीत तीनदा म्हणालो. लातूरहून शिरूर अनंतपाळच्या वाटेला लागलो होतो. मागे बसलेली वर्षाराणी म्हणाली, "पप्पा, बसलिंगप्पाकाकांना लोकेशन पाठवायला सांगू का?" मी नुसता हसलो. ज्या मातीत लहानाचा मोठा झालो, तिचं लोकेशन मागायचं?

तशी चूक तिची नव्हती. पोरगी पुण्याला नोकरी करते. तिथं तिनं सुट्टी मागितली, तर साहेबानं विचारलं, "वेळ अमावस्या म्हणजे काय?" त्याला काय माहीत. आमच्या जिल्ह्यात त्या दिवशी, म्हणजे येळवशीला, बाजारपेठ ओस पडते आणि सगळं गाव उठून शेतात जाऊन बसतं. बायको मंजुश्री मुदखेडची. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण तिनं येळवस फक्त माझ्या तोंडून ऐकलेली. माझे वडील, अप्पा, गेल्यापासून आम्ही शेतात गेलोच नव्हतो. माझं कापडाचं दुकान, पोरीची शाळा, मग कॉलेज. पंचवीस वर्षं झाली. शेत बसलिंगप्पा बटईनं करायचा, माल घरी यायचा, संपलं.

अप्पा असताना तसं नव्हतं. आठ दिवस आधी घरात आंबट वास सुटायचा. ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबील मुरत ठेवलेली असायची. येळवशीला अप्पा ते मडकं डोक्यावर घेऊन पुढं चालायचे आणि वाटेत आंबील त्यांच्या मानेवरून सदऱ्यात उतरायची. शेतात पोहोचेपर्यंत अर्धे अप्पा आंबिलीत भिजलेले. आई म्हणायची, "देवाला काही ठेवा." हे मी गाडीत सांगितलं. मंजुश्री म्हणाली, "हे सातव्यांदा."

ओढ्याजवळ गाडी लावली. बसलिंगप्पानं फोनवर सांगितलं होतं, "आण्णा, कोपी बांधून ठेवतो, सैपाक बी आमच्याकडंच, तुमी निस्तं या." बांधावरून थोडं चाललो आणि कोपी दिसलीच. कडब्याच्या पेंढ्यांची, वरून जरीचं लुगडं पांघरलेली. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पाच पांडव. कोपऱ्यात आंबिलीचं मडकं, पातेल्यात शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, टोपल्यात बाजरीचे उंडे, शेजारी गव्हाची खीर. माणूस मात्र कुणी नव्हतं.

"पाहिलंस?" मी मंजुश्रीला म्हणालो. "बसलिंगप्पा म्हणजे हिरा. सगळं मांडून बाजूला झाला, मालकानं पूजा करावी म्हणून."

मी पूजा केली. मग लिंबाच्या डहाळीनं पिकावर आंबील शिंपडत निघालो. अप्पा त्यावेळी कानडी मिसळलेलं काहीतरी मोठ्यानं म्हणायचे. मला त्यातला पहिलाच शब्द आठवला. "ओलगे, ओलगे" एवढंच म्हणत मी ज्वारीला चक्कर मारली. तुऱ्याला आलेली ज्वारी, खाली ओल्या मातीचा वास. माझा आवाज एकदा अप्पांसारखाच निघाला. थोडा वेळ तिथंच ज्वारीकडं तोंड करून उभा राहिलो.

जेवायला बसलो. दोन घास गेले असतील, तोवर बांधावरून एक म्हातारी आली. सत्तरीची, कपाळाला विभूती, हातात दुधाची किटली. कोपीच्या तोंडाशी येऊन ती थांबली आणि आमच्याकडं बघत राहिली.

येळवशीला वाटसरूला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, ही अप्पांची शिस्त. मी उठलो. "या मावशी, बसा. जेवूनच जायचं."

"जेवू म्हणता?"

"संकोच करू नका. घरचंच आहे."

तिनं किटली खाली ठेवली, हात धुतले आणि मांडी घालून बसली. मंजुश्रीनं पत्रावळीवर भज्जी वाढली, वर्षाराणीनं आंबील दिली. म्हातारी सावकाश जेवत होती. तिनं आपलं नाव नीलम्मा सांगितलं.

"मीठ जरा जास्त झालंय," मी म्हणालो. "आमच्या बसलिंगप्पाच्या बायकोचा हात सैल आहे."

"आसंल," नीलम्मा म्हणाली. "घाईत केलं आसंल तिनं."

"पण खीर चांगली जमलीय."

"हाव. खीर जमती तिला."

मी तिला आणखी एक उंडा आग्रहानं वाढला, शेत दाखवलं, अप्पांनी हा बांध स्वतः कसा घातला तेही सांगितलं. ती मान हलवत राहिली. तेवढ्यात फोन वाजला. बसलिंगप्पा.

"आण्णा, कुटं हाव? सकाळधरनं वाट बघायलोय."

"अरे, कोपीतच आहे की. जेवण चाललंय."

"कोपीत?" तो थांबला. "कोपीत तर मी बसलोय."

फोन कानालाच राहिला. मंजुश्रीनं माझ्याकडं पाहिलं, मग मडक्याकडं, मग नीलम्माकडं. वर्षाराणीनं हातातला घास हळूच पत्रावळीवर ठेवला.

"मावशी," मी विचारलं, "हे शेत कुणाचं?"

"माजं," नीलम्मा म्हणाली. "दूध इसरलं म्हणून गावात गेलते. तुमचं ओढ्याच्या पल्याड. ते बघा, बसलिंगप्पा बांधावर उभा ऱ्हाऊन हात करतोय."

खरंच करत होता. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. "अहो, मग बोलला का नाही तुम्ही?"

"येळवशीला आलेल्याला तू कोण म्हणून इचारत न्हाईत." तिनं पत्रावळ पुसून शेवटचा घास घेतला. "आन् लगीन होऊन आल्यापास्नं या कोपीत मीच वाढतेय. पन्नास-पंचावन्न साल झाले. सासू होती तवा बी मीच, सुना आल्या त्या पुण्या-हैद्राबादला गेल्या, तवा बी मीच. आज पहिल्यांदा कुणी मला बस म्हणलं. म्हणलं, आधी जेवून घ्यावं."

मंजुश्रीनं उठून तिला खीर वाढली, पुन्हा एकदा.

"पर मीठ," नीलम्मा म्हणाली, "बराबर हाय."

ओढा ओलांडून आम्ही आमच्या शेतात गेलो. बांधावरची बाभळ तोडलेली, विहिरीवर लोखंडी जाळी, निम्म्या शिवारात ऊस. त्यातलं काहीच मी ओळखलं नसतं. बसलिंगप्पाच्या बायकोनं ताटं वाढूनच ठेवली होती. भरल्या पोटावर दुसरी येळवस जेवलो. उठताना बसलिंगप्पाला हात द्यावा लागला.

संध्याकाळी घरी येऊन आडवा झालो आणि मोबाईल उघडला. वर्षाराणीनं सकाळीच नीलम्माच्या कोपीतले फोटो घरच्यांच्या ग्रुपवर टाकले होते, "आपल्या शेतातली येळवस" म्हणून. खाली नांदेडच्या आत्यानं लिहिलं होतं, माती बघून डोळे भरून आले. पुण्याच्या भावानं लिहिलं होतं, अप्पांचा बांध अजून तसाच आहे. चुलत्यांनी तर त्या ज्वारीत ते लहानपणी कुठं लपायचे तेही सांगितलं होतं.

एकूण तेवीस जण. एकालाही शंका आली नाही.

मी अंगठा टाकला आणि मोबाईल पालथा ठेवला.