साहेबाच्या सासूचा हक्काचा चोर

"ऑस्ट्रेलियन माणूस आता मला तोंडपाठ आहे!" विलिकेसानं फोनवर ताईला ठणकावून सांगितलं. "कुठे हसायचं, कुठे मान डोलवायची, कुठे तोंड मिटून बसायचं... कधीही विचार!"

"ते शेवटचं तेवढं लक्षात ठेव," फिजीची राजधानी सुवाहून सालासेइनीताई म्हणाली. तिनं त्याला लहानपणापासून पाहिलेलं असल्यामुळे तिला त्याच्याविषयी फारसा आदर नव्हता. "साहेबाच्या घरी जेवायला चाललायस. खा, पी, आणि हात जोडून परत ये!"

विलिकेसानं, म्हणजे आपल्या विलीनं, सुवाच्या विद्यापीठातून इंजिनीअरिंगची पदवी घेतली आणि तो क्वीन्सलंडमधल्या डॅलिबार नावाच्या गावी नगरपालिकेत गटारं आखायला लागला. नोकरी तूर्त कच्ची होती. सोमवारी मुदत संपायची, आणि त्याला कायम करायचं की फिजीला परत धाडायचं हे रस्ते खात्याचा मुख्य कॉलिन टिलब्रुक ठरवणार होता. परत जायची तर सोयच नव्हती! विलीला नोकरी लागल्याच्या आनंदात अख्ख्या गावानं डुक्कर कापून खाल्लं होतं. आता कुठल्या तोंडानं गावात पाऊल ठेवायचं?

कॉलिन भला माणूस होता, पण त्याच्या मनाचा थांग लागत नसे. तो एका वेळी चार शब्द बोलायचा आणि त्यांतले दोन "बरं" असायचे. अशा माणसानं शुक्रवारी टेबलाशी येऊन "शनिवारी बार्बेक्यू. ये. बरं?" म्हटल्यावर विलीनं ओळखलं, खरी परीक्षा आहे ती हीच!

शेजारच्या टेबलावरच्या ग्लेनिसबाईंनी लगेच त्याची तयारी करून घेतली. ऑफिसातला प्रथमोपचाराचा डबा या बाईंच्या ताब्यात होता, आणि डॅलिबारमध्ये कुणाला काही होत नाही याचं त्यांना मनापासून दुःख होतं.

"साहेब म्हणायचं नाही. जमिनीवर फतकल मारायची नाही. आणि विली बाळा, मोठ्यानं बोलायचं नाही!"

"ग्लेनिसबाई, मी आवाजसुद्धा काढणार नाही!" विली म्हणाला. आणि तो हे अगदी मनापासून म्हणाला होता, बरं का!

शनिवारी पांढरा शुभ्र शर्ट घालून, स्वतः भाजलेला कसाव्याच्या कंदाचा केक घेऊन विली कॉलिनच्या अंगणात हजर झाला. कॉलिन चिमट्यानं सॉसेज उलटत होता.

"आलास? बरं. सासूबाईंना भेट. तुमच्या फिजीच्याच." एवढं बोलून तो पुन्हा सॉसेजकडे वळला.

विली उडालाच! कॉलिनची बायको लोसाना फिजीची आहे हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण कॉलिनला तसं कुणी विचारलंच नव्हतं!

"नवरा वारल्यापासून इथेच असतात," कॉलिननं पुष्कळच शब्द खर्च केले. "फार बोलत नाहीत. जरा जपून."

पलीकडे झाडाखाली एक भरदार म्हातारी खुर्चीत बसून हातातल्या ताटलीतल्या सॉसेजकडे आणि कोशिंबिरीकडे परक्या मुलाकडे बघावं तशी बघत होती. लिटिया बुबू. बुबू म्हणजे आजी. तिच्यापर्यंत जायचं तर वाटेत ग्लेनिसबाईंसकट सगळे पाहुणे खुर्च्या टाकून बसलेले. आता बसलेल्या माणसांमागून ताठ मानेनं जाईल तो फिजीचा कसला? विली कमरेत पार वाकला आणि "तुलो, तुलो" अशी क्षमा मागत खुर्च्यांमागून सरकू लागला.

"पाठ गेली!" ग्लेनिसबाई किंचाळल्या. "पोराची पाठ गेली!"

"नाही हो, मी फक्त..."

"बोलू नकोस! मणका हलेल!"

मोठ्या बाईला नाही म्हणायचं नाही, हे विलीला आईनं शिकवलेलं. पुढच्या क्षणी तो गवतावर पालथा पडला होता आणि त्याच्या कमरेवर गोठवलेल्या मटारची पिशवी होती. ग्लेनिसबाईंचा चेहरा कृतार्थ दिसत होता. आणि पडला तो नेमका बुबूच्या पायांशी!

"कुठल्या गावचा रे तू?" वरून आवाज आला.

"वातुलोआचा, बुबू," विली गवतात तोंड खुपसून अदबीनं म्हणाला.

आणि मग फाडकन त्याच्या डोक्यात टपली बसली! फिजीत परक्याच्या डोक्याला हात लावणं म्हणजे थेट भांडणालाच आमंत्रण! विली गर्रकन उताणा झाला.

"चोरा!" म्हातारी कडाडली. तीही इंग्रजीत, सगळ्यांना समजेल अशी! "वातुलोआच्या भुरट्या चोरा! कंबर कुठे मोडून घेतलीस? कुणाची डुकरं पळवत होतास?"

आणि तिनं त्याच्या कमरेखालचे मटार ओढून घेतले, पायांतल्या चपला काढून घेतल्या, आणि केकचा डबा उघडून त्यात सरळ हात घातला!

कॉलिनच्या चिमट्यातून सॉसेज निसटलं.

"बुबू," विलीनं चाचरत विचारलं, "तुम्ही... नाइसोंगोच्या?"

"नाही तर काय, इंग्लंडच्या राणीच्या माहेरची?" तोंडात केक कोंबत म्हातारी म्हणाली.

त्याचं वातुलोआ आणि हे नाइसोंगो म्हणजे ताउवू! दोन्ही गावांचा मूळ देव एक, म्हणून दोघांचं नातं सख्ख्याहून सख्खं. अशा दोन गावची माणसं भेटली, की त्यांनी एकमेकांना शिव्या घालायच्या, हाती लागेल ते पळवायचं, भर सभेत फजिती करायची, आणि रागवायचं मुळीच नाही. हा हक्क बापजाद्यांपासूनचा! पण मेख अशी, की समोरच्यानं तितकंच खणखणीत उत्तर द्यायचं. गप्प बसणं म्हणजे नातं तोडणं. त्यासारखा अपमान नाही!

"आई!" कॉलिन धावत आला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "विली, माफ कर. खरंच. त्यांना काय झालंय कळत नाही. फार लाज वाटते मला." चारांच्या वर शब्द! माणूस मुळापासून हादरला होता.

आता विलीनं काय करावं? इकडे नोकरी, तिकडे ताउवू. त्यानं दात दाखवले, चपलांशिवाय उभा राहिला आणि म्हणाला, "काही हरकत नाही, कॉलिन."

म्हातारीचा घास तोंडातच थांबला. मग तिनं चपला खाली ठेवल्या आणि फक्त त्याला कळेल अशा आपल्या भाषेत हळूच म्हणाली, "तूही तसलाच झालास होय रे? माझा म्हातारा गेल्यापासून इथे सगळे माझ्याशी इतकं गोड गोड बोलतात, की मीच मेलेय की काय असं वाटतं. मला चोर म्हणणारं एक माणूस राहिलं नाही, बाबा."

हे ऐकून विलीला भडभडून आलं. वातुलोआची तीच जत्रा, तीच आरडाओरड, त्याच म्हाताऱ्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. अक्कल गेली कुठल्या कुठे!

"ए म्हातारे!" तो गरजला.

कुणाच्या तरी हातातला ग्लास फुटला.

"चोर कुणाला म्हणतेस? तुम्ही नाइसोंगोवाले! होडीत बसता आणि वल्हं घरी विसरता! तुमच्या गावचे खेकडेसुद्धा सरळ चालतात, मागून तुम्ही याल म्हणून! आण इकडे ती ताटली!" आणि त्यानं तिच्या हातातली ताटली हिसकावून त्यातलं सॉसेज एका घासात गिळलं!

ग्लेनिसबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कॉलिनचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. म्हातारीचे डोळे मात्र असे लकाकले! तिनं टेबलावरची टोमॅटो सॉसची बाटली उचलली, नेम धरला, आणि विलीच्या पांढऱ्या शर्टावर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत लाल पट्टा ओढला.

"हे घे, डुक्करचोरा!"

"थांब, दाखवतो तुला!" म्हणत विलीनं बियरच्या बाटल्या ठेवलेली बर्फाची पेटी उचलली आणि आतलं गारढोण पाणी, बर्फासकट, आपल्या साहेबाच्या सासूच्या डोक्यावर ओतलं!

सबंध! शेवटच्या थेंबापर्यंत!

तिकडे सॉसेज करपायला लागली, पण कुणी बघेना. म्हातारीनं श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग तिचे खांदे हलायला लागले, पोट हलायला लागलं, ती खुर्चीवरून घसरून गवतावर आली आणि आवाज न करता गडागडा लोळायला लागली. ती हसत होती हो! पण इतकी, की तोंडातून आवाजच फुटेना. आणि झटापटीत उडालेला लाल सॉस तिच्याही अंगभर!

"रक्त!" ग्लेनिसबाईंचा हा आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस होता. "झटका आलाय! कुणी हात लावू नका!" आणि फोनवर, "हॅलो, एका तरुणानं म्हातारीवर हल्ला केलाय! हो, हो, बर्फानं!"

डॅलिबारमध्ये कधी काही होत नसल्यामुळे रुग्णवाहिका लगेच आली. मागोमाग पोलीसही आला. विली चपलांशिवाय, लाल शर्टात, रिकामी पेटी छातीशी धरून उभा होता. त्याच्याकडे बघून कुणीही त्याला आत टाकलं असतं.

"आजी, हे कुणी केलं?" पोलिसानं वाकून विचारलं.

म्हातारीला अखेर कंठ फुटला. "हाच तो! हा चोर! ह्याचा आजा चोर, पणजा चोर! घेऊन जा त्याला, आणि चांगला बांधून ठेवा!"

"काय रे, खरं का हे?"

आता इथे तरी गप्प बसावं की नाही? पण एकदा ताउवूची जीभ सुटली की सुटली! "साहेब," विली म्हणाला, "हिचं काय ऐकता! आधी हिच्या झग्याखाली बघा, तुमची टोपी सापडेल!"

पोलिसानं डोक्याला हात लावला. टोपी खरंच नव्हती! बुबूनं ती केव्हाच ढापून बुडाखाली घेतली होती!

गलका ऐकून लोसाना स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच खिळली. "आई..." तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. "कॉलिन, अरे, आई हसतेय! बाबा गेल्यापासून पहिल्यांदा हसतेय!" लहानपणी सुट्टीत नाइसोंगोला पाहिलेली असली थट्टामस्करी तिला आठवत होती. तिनं रडत रडत, हुंदके देत पोलिसाला ताउवू समजावलं. तो अर्धवट समजला, टोपी झटकली आणि दोन सॉसेज खाऊन गेला. सर्वांत नाराज होऊन गेल्या त्या ग्लेनिसबाई.

विली निघाला तेव्हा कॉलिन फक्त म्हणाला, "सोमवारी ये केबिनमध्ये. बरं?"

रविवारी विलीनं बॅग भरली. ताईनं सगळी हकिकत ऐकली आणि पहिला प्रश्न विचारला, "पाणी ओतलंस? साहेबाच्या सासूवर? बर्फाचं?" मग फोनमधून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. "तोंडपाठ आहे म्हणे!" एवढंच ती शेवटी म्हणाली.

सोमवारी विली जेवणाचा डबा हातात धरूनच केबिनमध्ये गेला. कॉलिननं दार लावून घेतलं.

"काल आई दिवसभर बोलत होत्या," कॉलिन म्हणाला. "माहेरच्या गोष्टी. लोसानानं कधी न ऐकलेल्या. आम्ही जेवायचं विसरलो." मग त्यानं घसा खाकरला. "तर विली, तू आईंचा ताउवू. म्हणजे ह्या घराचा ताउवू. म्हणजे माझाही. बरोबर?"

चूक! साफ चूक! ताउवूपण रक्तातून येतं, लग्नातून नाही. जावयाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही! वातुलोआतलं शेंबडं पोरदेखील हे सांगेल. पण कॉलिनच्या चेहऱ्यावर विलीनं आजवर न पाहिलेला आनंद होता, आणि नोकरीचा निर्णय अजून व्हायचा होता.

"अगदी बरोबर!" विली म्हणाला.

"बरं! मग तू कायम!" कॉलिन उठला, टेबलाला वळसा घालून आला, आणि त्यानं विलीच्या हातातला डबा हिसकावून घेतला. "आण इकडे, चोरा!" तो सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असा ओरडला आणि नारळाच्या दुधातला मासा उभ्या उभ्या संपवून बोटं चाटली.

तेव्हापासून रोज हेच! कॉलिन विलीचा डबा पळवतो, खुर्ची पळवतो, भर बैठकीत नगराध्यक्षांसमोर त्याला डुक्करचोर म्हणतो, आणि मग चेहरा उजळून, मोठ्या आशेनं उत्तराची वाट बघतो.

"अरे मग दे की तूही चार सणसणीत!" ताई फोनवर चिडून म्हणाली.

"कशी देऊ, ताई?" कोरडा पाव चावत विली रडकुंडीला येऊन म्हणाला. "तो जावई आहे गं, ताउवू नाही! मी दिली तर ती खरोखरची शिवी होईल!"