पाच उंच माणसं आणि एक खिडकी

जगात खरे गुप्तहेर दोनच, असं भाऊजींचं ठाम मत होतं. त्यांपैकी एक ते स्वतः. दुसरा अजून कुणालाच सापडलेला नाही, यावरूनच त्याची योग्यता कळते, असं ते म्हणत. स्वतः भाऊजी मात्र चटकन सापडायचे. बैठकीच्या खोलीत पडदा लावून त्यांनी ऑफिस थाटलं होतं, पडद्यावर 'गुप्त' अशी पाटी होती आणि पडद्याखालून त्यांच्या चपला दिसत.

"नजर ससाण्याची, कान सशाचे आणि मेंदू अगदी कोरा करकरीत," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे. मेंदू कोरा आहे याबद्दल त्यांच्या मेहुण्याला काहीच शंका नव्हती. दुसरी नोकरी मिळेपर्यंत म्हणून तो भाऊजींचा सहायक झाला होता. आता त्याचे केस पिकायला लागले होते.

त्या दिवशी कॉलेजचे बास्केटबॉल कोच आले. गळ्यात शिट्टी, जाकिटाची चेन थेट हनुवटीपर्यंत ओढलेली आणि डोळे भरलेले.

"माझी पाच पोरं गायब झालीत हो," ते म्हणाले.

"अरेरे! काय वयाची?"

"चाळिशीच्या पुढची."

भाऊजींनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने छताकडे पाहिलं.

"माझे जुने खेळाडू हो! सगळे नामवंत. एक तर देशाकडून खेळला, आम्ही त्याला शिडी म्हणायचो. आमचे प्राचार्य म्हणतात, तुमचा खेळ बघायला कुत्रं फिरकत नाही, मैदान उखडून गाड्या लावायला जागा करू. मी म्हटलं, माझी पोरं येऊन आताच्या मुलांबरोबर एक सामना खेळतील, मग बघा गर्दी. गेल्या शनिवारी पाचही जण आले, बाहेर मुलं कॅमेरे घेऊन जमली. कपडे बदलायच्या खोलीत गेले आणि बाहेर आलेच नाहीत! दार उघडलं तर खोली रिकामी, मागची खिडकी सताड उघडी. आता फोनही उचलत नाहीत. प्राचार्यांनी आणखी एकच संधी दिलीय, येत्या शनिवारी ते आले नाहीत तर मैदान गेलं. उभी हयात गेली हो माझी त्या मैदानावर."

मेहुण्याने कोचपुढे पाण्याचा पेला सरकवला. भाऊजींच्या चेहऱ्यावर मात्र लग्नातसुद्धा आलं नव्हतं असं तेज आलं.

"सहायक, माझा कोट!"

हा कोट खास तपासासाठी होता. त्याचं मधलं बटण दर तपासाला तुटायचं आणि ताई, म्हणजे भाऊजींची बायको आणि मेहुण्याची बहीण, ते परत लावून द्यायची.

कॉलेजच्या त्या कपडे बदलायच्या खोलीत लोखंडी कपाटं होती, एक लांब बाक होता आणि एक मोठा आरसा होता. आरशाचं तोंड भिंतीकडे केलेलं होतं. बाकावर पाच जुन्या जर्स्या होत्या. चार घडी केलेल्या, पाचवी बगलेपासून कमरेपर्यंत उसवलेली.

"त्यांच्याच आहेत," कोच म्हणाले. "इतकी वर्षं मी धुऊन, इस्त्री करून जपल्यात. आपापली जर्सी घातल्याशिवाय माझ्या मैदानावर पाय ठेवायचा नाही, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा नियम."

भाऊजींनी उसवलेल्या जर्सीवर भिंग धरलं. "चाकूचा वार! रक्ताचा थेंब नाही, म्हणजे हल्लेखोर कसलेला. आरसा फिरवला, कारण त्याला स्वतःचं तोंड बघवेना."

"भाऊजी, मला वाटतं..."

"वाटून घेणं हे सहायकाचं काम नाही."

मग हल्लेखोर प्रतिस्पर्धी कॉलेजचा ठरला. तो बाकाखाली दबा धरून बसला असणार, म्हणून भाऊजी बाकाखाली शिरले. त्यांना पाय धरून बाहेर ओढावं लागलं. त्यानंतर विषारी वायूचा संशय आला. पुरावा म्हणून त्यांनी कोपऱ्यातला एक मोजा खोलवर हुंगला आणि ते मटकन खाली बसले. मोजा कोचचा निघाला. शुद्धीवर येताच त्यांनी कोचवरच संशय घेतला.

"आता गुन्हा जसा घडला तसा करून बघू. मी शिडी!" असं म्हणून त्यांनी कोट काढला आणि शिडीची जर्सी डोक्यातून घातली.

डोकं आत गेलं. हात वर गेले. पुढे काहीच गेलं नाही.

"मला धरलंय!" आतून आवाज आला. "गुन्हेगार खोलीतच आहे!"

मेहुण्याने खेचलं, कोचनी खेचलं. जर्सी हलेना आणि फाडायला कोचचा जीव होईना. शेवटी त्यांना तसंच टॅक्सीत घालून घरी नेलं. वाटेत चौकातल्या पोलिसाला वाटलं, कुणीतरी हात वर करून शरण येतंय.

ताईने दार उघडलं, बघितलं आणि उंबऱ्यातच बसून हसत सुटली. मग डोळे पुसत तिने दोन हिसक्यांत जर्सी काढली आणि सगळी हकीकत ऐकून घेतली.

"कोचसाहेब, ही त्याने शेवटची कधी घातली होती?"

"कॉलेजात."

"आणि आता तो केवढा आहे?"

कोचनी दोन्ही हात पसरून दाखवले.

"पाचही जणांनी घालून बघितलं असेल. एकाची उसवली. बाहेर मुलं कॅमेरे धरून बसलेली. आरशात ध्यान बघवेना म्हणून आरसा फिरवला आणि खिडकी गाठली. खिडकीतून मावले हेच नशीब म्हणा."

"पण मी काही बोललो असतो का त्यांना? माझी पोरं ती!"

"त्यांना वाटतं, तुम्ही अजून त्याच सडपातळ पोरांची वाट बघताय." ताईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आणि एवढ्या उकाड्यात तुम्ही जाकीट का काढत नाही हो?"

कोचचा हात चेनकडे गेला आणि तिथेच राहिला. मग ते म्हणाले, "फोटो काढता येतो का हो कुणाला?"

फोटो मेहुण्याने काढला. कोच, त्यांची स्वतःची कॉलेजातली जर्सी आणि जर्सी संपल्यावरही बरंच उरलेलं पोट. तो पाचही जणांना पाठवला. खाली कोचनी एवढंच लिहिलं: 'नियम माझा चुकला. या.'

शनिवारी गॅलरी भरली होती. कोच मैदानाच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी सर्रकन चेन खाली ओढली.  आधी कोचच हसले, मग अख्खी गॅलरी हसली आणि कपडे बदलायच्या खोलीचं दार उघडलं. पाचही जण बाहेर आले. जर्स्यांना दोन्ही बाजूंनी ताईने रुंद पट्ट्या जोडल्या होत्या.

शिडीने टाकलेला पहिला चेंडू रिंगपर्यंत पोचलासुद्धा नाही. शिट्टी वाजली.

"कोपर आत!"

"हो सर," देशाकडून खेळलेला माणूस मान खाली घालून म्हणाला. मग हळूच पुढे म्हणाला, "सर, दर शनिवारी येऊ? मुलांना शिकवीन. माझं वजनही जरा उतरेल."

कोचनी शिट्टी तोंडाला लावली, पण ती वाजेना.  तिकडे प्राचार्य फोटोत मधली जागा मिळवण्यासाठी धक्के खात होते. गाड्यांचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही.

"बघितलंस?" गॅलरीत भाऊजी उठून उभे राहिले. "मी म्हणालोच होतो, गुन्हेगार खोलीतच आहे!" त्यांनी छाती फुगवली. कोटाचं मधलं बटण सुटलं आणि टणटणत थेट मैदानात गेलं.

आता मात्र शिट्टी खणखणीत वाजली. कोचनी बोट रोखलं. "तुम्ही! जर्सी घाला आणि या खाली!"

मेहुणा हसत वळला, तर शेजारची खुर्ची रिकामी. जगातला थोर गुप्तहेर जागच्या जागी गायब झाला होता. खुर्चीखालून त्याच्या चपला दिसत होत्या.