नेत्रशिबिराचा शंभर टक्के निकाल

"माझ्या केंद्रातला एकही माणूस डॉक्टरांपुढे मान खाली घालणार नाही! लिहून ठेवा!" अशी गर्जना केंद्राचे व्यवस्थापक दशरथ घाग यांनी केली खरी, परंतु ती लिहून ठेवण्यास तेथे कोणीच समर्थ नव्हते. काशीगावातील त्या निराधार वृद्धांच्या विसावा केंद्रात दुपारच्या खिचडीसाठी जमणाऱ्या एकवीस जणांपैकी एकालाही अक्षरओळख नव्हती.

आणि नेमकी तीच तर अडचण होती! सन २००६ चे नेत्रशिबिर दोन दिवसांवर आले होते. डॉक्टर भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगून वाचावयास लावतात, ही वार्ता पसरताच वृद्धांचे चेहरे कोमेजलेल्या अळूसारखे उतरले. कोणी म्हणे मला ताप येणार आहे, कोणी म्हणे मला गावी जायचे आहे.

सर्वांत गंभीर अवस्था अंबिकाबाईंची होती. एकट्या जीवाची ती बाई वाण्याच्या दुकानात तांदूळ निवडून पोट भरी. परंतु मोतीबिंदू असा वाढला की ती तांदूळ फेकून खडे राखू लागली! वाण्याने शेवटी सांगितले, "आजी, पहले आँख का इलाज करवाओ, तब तक छुट्टी!" फुकट शस्त्रक्रियेची चिठ्ठी केवळ शिबिरात मिळणार होती, आणि शिबिर वर्षातून एकदाच येई.

"मी नाय येत, भाऊ," अंबिकाबाई म्हणाल्या. "भांडी घासण्यात जन्म गेला. आता डॉक्टरापुढं उभी राहून फजिती करून घेऊ? शिबिरातल्या पोरी हसतील मला!"

दशरथरावांचे अंतःकरण द्रवले. एका शाळेत त्यांनी अठ्ठावीस वर्षे शिपाई म्हणून घंटा वाजवली होती. स्वतःचे शिक्षण नववीत थबकले असले, तरी वर्गाच्या दाराबाहेर उभे राहून त्यांनी जेवढे अध्यापन ऐकले, तेवढे आतल्या मुलांनीही ऐकले नसेल! शिबिराचे साहित्य आधीच केंद्रात येऊन पडले होते. त्यांनी तक्ता काढून भिंतीवर टांगला व हाती छडी घेतली.

"म्हणा! वरती एकटा ग! खाली त, न! त्याखाली प, र, स!"

"वरती एकटा ग!" एकवीस बोळक्या मुखांनी घोष केला.

अंबिकाबाईंनी तर सातही ओळी जात्यावरच्या ओवीच्या चालीत बसवल्या. त्यांच्यामागून सगळे गाऊ लागले. दुसऱ्या दिवशी सायंकाळपर्यंत तक्ता सर्वांस मुखोद्गत झाला. अखेरीस दशरथरावांनी एक कलात्मक सूचना दिली, "शेवटच्या ओळीला जरा अडखळायचं. म्हणजे खरं वाटतं!"

शिबिराच्या दिवशी तरुण डॉक्टर निहार व त्यांची सहायिका संजना आली. परीक्षा सुरू झाली आणि काय सांगावे! एकामागून एक वृद्ध उभा राही, धडाधड सात ओळी म्हणे, शेवटी जरा अडखळे व विजयी मुद्रेने खाली बसे. डॉक्टर थक्क!

"बुवा, एक डोळा झाका," ते विठू पाटलांना म्हणाले.

"एक कशाला? दोन्ही झाकतो. आपल्याला काय फरक पडत न्हाय!"

विनोद समजून डॉक्टर खळखळून हसले. पुढे अंबिकाबाईंनी चालीसकट तक्ता ऐकवला. "वा आजी! तरुणांना लाजवतील असे डोळे!" असे म्हणून त्यांनी कागदावर 'नजर उत्तम' लिहिले. संजनाने तक्ता गुंडाळून पिशवीत घातला.

"काका, तुमचं केंद्र नशीबवान!" डॉक्टर दशरथरावांना म्हणाले. " इथं एकालाही ऑपरेशन नको. या जागा आम्ही दुसऱ्या केंद्राला देतो."

अंबिकाबाई आनंदाने पुढे आल्या. "भाऊ, मी पास झाले ना? मग माझी चिठ्ठी?"

दशरथरावांच्या पायाखालची जमीन सरकली! निकाल शंभर टक्के लागला होता, आणि त्यातच सर्वांचे वाटोळे झाले होते.

"डॉक्टर, थांबा! यांना काहीएक दिसत नाही! मीच पाठ करून घेतलंय!"

डॉक्टरांचा चेहरा एकदम कठोर झाला. "काका, फुकट आहे म्हणून चांगल्या डोळ्यांना आंधळं ठरवताय? शोभतं का हे?"

"आईशप्पथ सांगतो! अंबिकाबाई, परत एकदा वाचा बरं!"

अंबिकाबाई पुनश्च भिंतीकडे वळल्या. भिंतीवर आता फक्त एक खिळा होता. त्या खिळ्याकडे एकाग्र दृष्टीने पाहत त्यांनी सातही ओळी म्हटल्या, योग्य जागी अडखळल्या आणि विनयाने म्हणाल्या, "शेवटची ओळ जरा बारीक हाय डॉक्टर, पन दिसते!"

मग डॉक्टर मटकन खाली बसले व पोट धरून हसू लागले.

"अहो काका, अक्षरं येत नसतील तर आम्ही नुसती बोटं दाखवतो! आजी, सांगा, ही किती?"

अंबिकाबाईंनी भेदरून दशरथरावांकडे तोंड फिरवले. "भाऊ, हे तुम्ही शिकवलंच नव्हतं!"

सर्वांची परीक्षा नव्याने झाली. बारा जण सपशेल नापास झाले आणि बाराही जणांना चिठ्ठी मिळाली. पहिली चिठ्ठी अंबिकाबाईंची!

शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने दशरथराव त्यांना रिक्षातून मीरा रोडच्या दवाखान्यात घेऊन गेले. तेथेही डॉक्टर निहार व संजनाच होते. डॉक्टरांनी सवयीने तक्ता टांगला, आणि अंबिकाबाईंनी चालीवर सुरुवात केली, "वरती एकटा ग..."

"नको, नको!" डॉक्टरांनी हात जोडले. "तक्ता सोडून दुसरं काय दिसतंय ते सांगा."

अंबिकाबाईंनी सावकाश मान फिरवली. "तुमच्या शर्टाचं मधलं बटन तुटलंय. त्या पोरीच्या कानात निळा खडा हाय." मग त्यांची नवी कोरी नजर दशरथरावांवर येऊन स्थिरावली. "अगं बाई! भाऊ, तुम्ही मिशीला कलप लावलाय, तो एकाच बाजूला?"

दशरथरावांचा हात चटकन मिशीकडे गेला. सकाळी आरशात त्यांना दोन्ही बाजू सारख्याच काळ्या दिसल्या होत्या!

डॉक्टरांनी त्यांच्याकडे निरखून पाहिले व स्टूल पुढे सरकवले. "काका, आता तुम्ही बसा. समोर वाचा."

दशरथराव बसले. समोर काहीतरी पांढरे अंधुक हलत होते. त्यांनी घसा खाकरला, सातही ओळी अस्खलित म्हटल्या आणि शेवटच्या ओळीला, न ठरवताच, जरा अडखळले.