सलग जिंकण्याचे दुष्परिणाम

आमच्या ब्रिकर्टन गावचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, बेजर्स, हंगामातले पहिले दोन्ही सामने जिंकला, ही बाब गावाने नेहमीप्रमाणे आनंदाने नोंदवली. मंगळवारी सकाळी संघांच्या ताकदीची सांख्यिकी क्रमवारी जाहीर झाली. बत्तीस संघांत आम्ही एकोणतिसावे होतो. सबब, आनंद तत्काळ प्रभावाने स्थगित करण्यात आला.

ही क्रमवारी काढतात डॉक्टर वेंडेल प्रुइट. माणूस विद्वान, सभ्य आणि रविवारी सामन्याच्या वेळेला अंगणातलं गवत कापणारा. सामने पाहिले की आकडे गढूळ होतात, असं त्यांचं मत आहे. ते रेडिओवर आले तेव्हा मी फोन लावला. मी नेहमीच लावतो, कुणीतरी लावायला नको का?

"डॉक्टर, आम्ही दोन्ही सामने जिंकलोय हो!"

"तेच तर नडलं," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही हरवलंत कुणाला? ज्यांना अजून एकही सामना जिंकता आला नाही, त्यांना."

"अहो, पण त्यातला एकेक सामना ते आमच्याशीच हरलेत!"

"बघा, म्हणजे किती कमकुवत असतील."

कप्पाळ! मी फोन ठेवला.

संघाच्या मालकीणबाई डेल्फीन रूडॉल्फ यांना मात्र हा युक्तिवाद फार पटला. त्यांनी कोच ऑटो क्रेमरला बोलावून घेतलं. "ऑटो, चौथ्या सामन्यानंतर आपण पहिल्या दहांत नसलो, तर तुम्ही मोकळे," असं त्यांनी अतिशय प्रेमळ आवाजात कळवलं. ऑटो म्हणजे देवमाणूस. कोचची नोकरी गेली की बिऱ्हाड पाठीवर, हे त्याच्या नशिबी दोनदा येऊन गेलेलं. त्याच्या लेकीला इथली शाळा आत्ता कुठे आवडू लागली होती, आणि बापाने 'आता हलायचं नाही' असा शब्द देऊन ठेवला होता.

ऑटोने पोरांकडून घाम गाळून घेतला. तिसऱ्या सामन्यात आम्ही समोरच्यांचा असा धुव्वा उडवला की त्यांचा कोच शेवटी आमच्यासाठीच टाळ्या वाजवू लागला. मंगळवारी आम्ही एकतिसावे. एवढ्या फरकाने हरणाऱ्या संघाला संघ समजणे शास्त्राला धरून नाही, असा खुलासा सोबत होता. बत्तिसावे अर्थातच ते होते.

तेव्हापासून गावाने रविवारवरचा भरवसाच सोडला. सामन्याआधी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये शेगड्या मांडून सॉसेज भाजायची आमची बापजाद्यांची रीत. ती आता मंगळवारी सकाळी पाळली जाऊ लागली. कारखान्याने मंगळवारची अर्धी सुट्टी मंजूर केली. रविवारी काय, नुसता सामना असतो, निकाल मंगळवारी.

चौथ्या सामन्याआधी एक रविवार मोकळा होता; त्यानंतरच्या मंगळवारी माझा शेजारी गस नोवॉत्नी हातातला चिमटा रोखून मला म्हणाला, "लेका, चौथा सामना पहिल्या नंबरच्या संघाशी आहे. त्यांना हरवलं तर काय होईल?"

"आपण वर जाऊ."

"खुळा आहेस! आपल्याकडून हरल्यावर ते पहिले राहतील कसे? गडगडत खाली येणार. म्हणजे आपण पुन्हा कमकुवतांनाच हरवलं की नाही? त्यांच्याकडून थोडक्यात हरायचं. त्याला म्हणतात दर्जेदार पराभव."

मागे ऑटो उभा होता. त्याने पावात सॉसेज घेतलं, त्यावर मोहरीची चटणी जरा जास्तच ओतली आणि म्हणाला, "गस, हे रेडिओवर बोलू नकोस, एवढी कृपा कर."

चौथ्या सामन्यात आमची पोरं इतकी चांगली खेळली की ऑटोला घाम फुटला. शेवटचे काही सेकंद उरले होते, आम्ही दोन गुणांनी मागे. चेंडू खांबांमधून मारला की तीन गुण, आणि मारणारा आमचा एमेट. एवढ्या अंतरावरून तो डोळे मिटूनही चुकत नाही.

ऑटोने त्याला कडेला घेतलं. मी पहिल्या रांगेत होतो. सगळं ऐकू आलं.

"एमेट, बाळा, वारा फार आहे बरं का."

"वारा? कोच, झेंडे लोंबतायत!"

"मी म्हणतो म्हणजे आहे."

"आई टीव्हीवर बघतेय हो माझी."

"माझी लेकसुद्धा बघतेय रे," ऑटो म्हणाला.

एमेटने लोंबत्या झेंड्यांकडे एकदा पाहिलं आणि मान डोलावली. मग गेला आणि त्याने चेंडू असा लाथाडला की तो थेट शेंगदाणेवाल्याच्या डोक्यावरून गेला. स्टेडियममध्ये एकच जल्लोष झाला. "हरलो! हरलो!" म्हणत अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. जिंकलेले बिचारे काय चुकलं ते एकमेकांना विचारत होते.

मंगळवारी आम्ही सातवे! 'दर्जेदार पराभवाची परंपरा सुरू केल्याबद्दल' मालकीणबाईंनी ऑटोला मुदतवाढ दिली. त्याची लेक शेगड्यांमधून नाचत सुटली, आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

माझी बायको लोर्ना मला कोपराने ढोसून म्हणाली, "मला एक सांग, रविवारी सामना बघताना तुला मजा आली होती का?"

"थांब, बघून सांगतो," म्हणत मी फोन काढला. डॉक्टर प्रुइट सामन्यांच्या रंजकतेचीही क्रमवारी काढतात. आमचा सामना तळाजवळ होता. "छे, बेताचीच," मी म्हणालो.

लोर्ना पोट धरधरून हसली. तुम्हीही हसताय, दिसतंय मला. हसा. फक्त एवढं सांगा, परवा हॉटेलात बोटं चाटत, दुसऱ्यांदा रस्सा मागवून जेवलात, घरी येऊन फोनवर त्या हॉटेलचे अडीच तारे पाहिलेत, आणि "तरीच म्हटलं, मीठ जरा जास्त होतं," असं म्हणालं कोण?