गजेंद्र खांबेटे, नग एक

मंगळवारी सकाळी सव्वादहाला माझ्या एजंटने मला ठेव म्हणून पूलमध्ये जमा केले.

चूक माझीच होती. पूल म्हणजे सामाईक साठा. लोक त्यात आपली डिजिटल नाणी ठेवतात आणि दुसरे लोक दीडपट तारण देऊन ती उसनी नेतात. मध्ये बँक नाही, साहेब नाही. अशा ठेवींचे व्यवहार आपोआप तयार करणारा एजंट, म्हणजे एक संगणक-प्रोग्रॅम, मी स्वतः लिहिला होता. नाशिकमध्ये त्यावर तीन व्याख्यानेही दिली होती. "सही करण्याआधी वाचा," हे वाक्य प्रत्येक व्याख्यानात दोनदा होते. त्या सकाळी मी एजंटला सांगितले, "मला पूलमध्ये जमा करून दे." त्याने व्यवहार तयार करून समोर ठेवला. 'ठेव: गजेंद्र खांबेटे, नग एक.' मी न वाचता सही केली.

पूल कुठेच नसतो, त्यामुळे मीही कुठेच नव्हतो. फोन मात्र लागत होता.

"मला बाहेर काढ," मी एजंटला म्हणालो.

"सर, काढायला तुमची सही लागेल. आणि ठेवीला सही करता येत नाही. हा नियम तुम्हीच लिहिलाय."

"मग?"

"दुसरी सही वहिनींची चालते."

मी वैजयंतीला, म्हणजे माझ्या पत्नीला, फोन केला. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"अहो, सध्या घरात रंगकाम चाललंय," ती म्हणाली. "तुम्ही नाही तेच बरंय. ते उरकलं की बघते."

दोन दिवस मला कोणी विचारले नाही. शुक्रवारी कुडाळच्या शैलजा परुळेकर यांनी मला बारा दिवसांसाठी नेले. त्यांच्या मुलीचे, मृण्मयीचे, लग्न होते आणि शैलजाताईंना भाऊ नव्हता. मामा म्हणून उभे राहायला कोणीतरी हवे होते. माझ्या किमतीच्या दीडपट तारण म्हणून त्यांनी आपली घरघंटी लावली. ती पुरून उरली. लोकांची दळणे दळूनच त्यांनी मुलीला शिकवले होते.

"मामांना काय काय येतं?" मृण्मयीने दारातच विचारले.

"व्याख्यान."

"ते नको."

लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्या मुलाला घेऊन त्याचे काका आले. चहा पिता पिता काका म्हणाले, "लग्नानंतर मुलगी लॅबमधली नोकरी सोडेल, असं आम्ही धरून चाललोय." शैलजाताईंच्या हातातला ट्रे तसाच राहिला. मृण्मयीने माझ्याकडे पाहिले.

"तसं धरू नका," मी म्हणालो. "नोकरी तिची आहे. ठेवायची की सोडायची, ते ती ठरवेल. तुम्ही बिस्किट घ्या."

इतके सरळ मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. "बरोबर आहे मामांचं," नवरा मुलगा म्हणाला. काकांनी बिस्किट घेतले.

खिशातला फोन वाजला.

"सर, अभिनंदन. तुमचा भाव वाढलाय," एजंट म्हणाला. "त्यामुळे परुळेकर मॅडमचं तारण अपुरं पडायला लागलंय. आणखी थोडे वाढलात, तर घरघंटी आपोआप विकली जाईल."

"थांबव की मग!"

"मध्ये कोणी माणूसच नाही, सर. कोण थांबवणार?"

हे माझ्या व्याख्यानातले शेवटचे वाक्य होते. त्याला टाळ्या यायच्या.

भाव उतरवणे मात्र मला जमण्यासारखे होते. तेवढ्या एका बाबतीत माझा हात कोणी धरू शकत नाही. मी काकांच्या शेजारी सरकलो आणि विकेंद्रित कर्जव्यवहार म्हणजे काय, ते त्यांना पहिल्यापासून समजावून सांगू लागलो. पस्तिसाव्या मिनिटाला काका उठून अंगणात जाऊन उभे राहिले. घरघंटी वाचली.

दुसऱ्या दिवशी अंतरपाट धरला, तेव्हा मी मृण्मयीच्या मागे उभा होतो. तिच्या हातातला हार थरथरत होता.

"मामा, मागून हलू नका हं," ती हळूच म्हणाली.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत, असे मला कधी नव्हे ते वाटले. लगेच खिशात फोन थरथरू लागला. तो काय सांगतोय, हे मला ठाऊक होते, पण हात काढवेना. भटजी श्वास घ्यायला थांबले, तेवढ्यात मी स्वरचित मंगलाष्टक सुरू केले. चालही माझीच होती. दुसऱ्या ओळीला यमक सापडेना, म्हणून पहिलीच पुन्हा म्हटली. मांडव हसला. मृण्मयी इतकी हसली की हार थरथरायचा थांबला. फोनही थांबला.

पूलच्या नियमानुसार जे उसने नेले, त्याच रूपात व्याज द्यावे लागते; माझ्या बाबतीत ते म्हणजे वाढलेले वजन. बाराव्या दिवशी मी वजनकाट्यावर उभा राहिलो.

"सर, व्याजात तीनशे ग्रॅम कमी पडतायत," एजंट म्हणाला.

शैलजाताईंनी पुन्हा तवा ठेवला आणि मला सहा घावणे वाढले. "भावाला असं अर्ध्या पोटी कोण पाठवतं?" त्या म्हणाल्या. 'भाऊ' या शब्दाला व्यवहारात रकाना नसल्यामुळे एजंटने तो गाळला. मी तो लक्षात ठेवला.

वैजयंतीने सही केली. तिने व्याज तेवढे काढून घेतले आणि मुद्दल पूलमध्येच राहू दिले.

सध्या घरी मी एक किलो दोनशे ग्रॅम आहे. सकाळचा चहा आणि वर्तमानपत्र तेवढ्यात सहज होते. पूर्वीपेक्षा मी जास्त ऐकून घेतो, असे वैजयंती म्हणते. बाकीचा मी परवा भुसावळला निघणार आहे. तिथल्या एका निवृत्त स्टेशनमास्तरांना बुद्धिबळात रोज हरणारा माणूस हवा आहे.